अंगणातली कार्यशाळा: खत, सांडपाणी आणि परसबाग हातानं शिकवायची तर

मराठवाड्यात परसबागेच्या, ओल्या कचऱ्याच्या आणि पाणी वाचवण्याच्या कार्यशाळा आता बऱ्याच ठिकाणी होतात. बचत गट घेतात, शाळा घेतात, शहरात गल्लीतली मंडळंही घेतात. पंधरा दिवसांनी त्याच घरांत जाऊन बघितलं, की वास मारणारी खताची बादली मागच्या दारी पालथी पडलेली असते, वाटलेलं बियाणं पुडीतच देवळीत असतं, आणि वाफ्याच्या जागी कोंबड्या उकरत असतात. यात येणाऱ्या बायांची चूक नसते. कार्यशाळा घेणारे आपण बोलतो फार, आणि ज्या क्रमानं घरात काम होतं तो क्रम सोडून शिकवतो.

लातूर, धाराशिव आणि बीडकडच्या गावांत अशा बैठका घेताना मीही आधी बियाणं वाटायचो आणि मग माती सांगायचो. बियाणं हातात पडलं की निम्म्या बाया उठायच्या. आता क्रम ठरलेला आहे: आधी खत, मग सांडपाणी, शेवटी वाफा आणि त्याच्याही शेवटी बियाणं. हे तिन्ही एकाच दिवशी, एकाच अंगणात, येणाऱ्यांच्या हातून व्हायला हवं. पुढचे टप्पे त्या हिशेबानं लिहिले आहेत.

## टप्पा १: दिवस पाऊस आणि सुगी बघून धरा

तारीख पाहुण्याच्या सोयीनं ठरवली, की पुढचं सगळं बिघडतं. आपल्याकडे परसबागेची सुरुवात दोनदाच नीट साधते. एकदा मृगाचा पाऊस पडून जमीन वाफशावर (ओलसर, पण हाताला न चिकटणारी) आली की, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. दुसऱ्यांदा पावसाळा सरताना, सप्टेंबरच्या शेवटापासून पुढे महिनाभर. उन्हाळ्यात नवी परसबाग सुरू करायला सांगू नका. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर असतो आणि प्यायचं पाणीच टँकरनं येत असतं. तेव्हा लावलेली बाग सुकते आणि बाई कायमची नाद सोडते.

दुसऱ्या वेळेला एक अडचण असते. सोयाबीनची काढणी नेमकी त्याच दिवसांत येते. रोजाचे पैसे सोडून कुणी येणार नाही, आणि आपणही तसा आग्रह धरू नये. अशा गावात दिवाळी झाल्यावरचा मोकळा आठवडा बघा. मेथी, पालक, कोथिंबीर तेव्हाही छान येतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावांत मात्र हे चालणार नाही. तिथं दिवाळीच्या आसपास कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, बाहेर पडतात आणि गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं उरतात. तिथं जून-जुलैच धरावा लागतो.

आठवड्यातला वार ठरवताना आठवडी बाजार टाळा. शहरात असाल तर नळाला पाणी येण्याचा दिवस टाळा. लातूर, जालना, छत्रपती संभाजीनगर इथल्या कितीतरी वस्त्यांत नळ रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरातली बाई घर सोडू शकत नाही. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येच्या दिवशी सगळं गाव रानात असतं, हेही लक्षात असू द्या. वेळ सकाळी ११ ते दुपारी ४. त्याआधी घरचं आवरत नाही आणि त्यानंतर धारांची वेळ होते.

तपासा: तारीख पक्की करण्याआधी गल्लीतल्या तीन वेगवेगळ्या घरी विचारा, "त्या दिवशी तुमचं काय असतं?" "चालंल की" एवढं उत्तर पुरेसं नाही. कामाला जायचं आहे का, पाणी येणार आहे का, लग्न-बारसं आहे का, हे एकेक करून विचारा.

## टप्पा २: सभागृह नको, अंगण निवडा

समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये फरशीवर बसून खत शिकता येत नाही. एखाद्या घराचं अंगण घ्या. वाफ्याच्या जागेवर निदान ६ तास ऊन असावं. न्हाणीचं आणि भांडी घासायचं पाणी कुठून बाहेर पडतं ते सगळ्यांना दिसावं. लिंबाची किंवा मांडवाची सावली असावी, नाहीतर दुपारी एकनंतर कुणाचं लक्ष राहत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची. त्या अंगणात गावातल्या सगळ्या वस्तीच्या बायांनी येऊन बसायला, पाणी प्यायला मोकळं वाटलं पाहिजे. एका मोठ्या वाड्यातली कार्यशाळा मी सोयीची म्हणून स्वीकारली होती. अंगण प्रशस्त होतं, सावली होती, पण गावकुसाजवळच्या वस्तीतून एकही बाई आत आली नाही. दोघी-तिघी दारातूनच बघून परत गेल्या. ती चूक माझी होती. तेव्हापासून मी आधी त्या वस्तीत जातो, आणि शक्य असेल तर अंगणही तिथलंच घेतो.

घरमालकिणीशी आधी स्पष्ट बोला. खताचा ढीग तिच्या अंगणात दोन महिने राहणार आहे, त्याला आठवड्यातून एकदा वर-खाली करावं लागणार आहे. सासूबाईंचा आणि घरधन्याचा होकारही तेव्हाच घ्या. ढीग चौथ्या दिवशी उचलून फेकला गेला, तर गावात पुढची दोन वर्षं कुणी या विषयाकडे बघत नाही.

संख्या २० ते २५ ठेवा. पाचजणींमागे एक, अशा चार-पाच जाणत्या मदतनीस लागतात. त्यांच्याकडून आदल्या आठवड्यात ढीग आणि वाफा एकदा करून घ्या. जास्त नावं आली तर दुसरा दिवस ठेवा. चाळीसजणींत हात मातीत घालायला मिळतो दहाजणींनाच.

## टप्पा ३: आठ दिवस आधीची तयारी

खरं काम इथं आहे. हा टप्पा नीट झाला तर प्रत्यक्ष दिवशी फार बोलावं लागत नाही.

बियाणं उगवतं का ते बघा. प्रत्येक प्रकारचे २० दाणे मोजून ओल्या बारदानात किंवा सुती फडक्यात गुंडाळा, फडकं ओलसर ठेवा आणि सात-आठ दिवसांनी मोजा. १४ पेक्षा कमी उगवले तर ते बियाणं वाटू नका. फुकट मिळालेलं जुनं बियाणं वाटणं ही फार नेहमीची चूक आहे, आणि तिचा दोष बाई स्वतःच्या हातगुणाला देते. शक्यतो गावरान किंवा सरळ वाणाचं बियाणं घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी घरचंच धरता येईल. भेंडीत 'परभणी क्रांती' हे परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सरळ वाण आहे. अंबाडी, तांदुळजा, चुका, दोडका, चवळी यांचं बी गावातच एखाद्या आजीच्या उतरंडीत किंवा गाडग्यात सापडतं. आधी तिथं विचारा.

माती ओळखा. पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि चिमूटभर कपड्याची पावडर घालून जोरात हलवा आणि एका जागी ठेवा. रेती मिनिट-दोन मिनिटांत तळाला बसते, पोयटा (रेतीपेक्षा बारीक गाळ) दोन-तीन तासांत, आणि चिकण माती बसायला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. आपल्या काळ्या मातीत वरचा चिकण थर जाड दिसतो. अंगणातल्या आणि रानातल्या मातीच्या दोन बाटल्या दोन दिवस आधी भरून ठेवा. कार्यशाळेत त्या नुसत्या समोर ठेवल्या तरी बाया आपणहून बोलायला लागतात.

माठ तपासा. हळूहळू पाझरून रोपांना ओल मिळावी म्हणून वाफ्यात पुरायचा माठ जुना पिण्याच्या पाण्याचा घेतात, आणि तो पाझरतच नाही. बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात. माठ पाण्यानं भरून कोरड्या जागी ठेवा. तासाभरात बाहेरून ओला दिसला तरच तो कामाचा. रंग दिलेला माठही घेऊ नका.

सुका आणि ओला माल गोळा करा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच ढिगासाठी सुका माल ८ ते १० पोती लागतो. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, कडब्याचं चघाळ, झाडांचा पाला, जे मिळेल ते चालतं. तुराट्या आणि पऱ्हाट्या (तुरीच्या आणि कपाशीच्या वाळल्या काड्या) घेतल्या तर बोटभर तुकडे करून घ्या. ओलं हिरवं आणि शेण मिळून १५ ते २० घमेली. पाणी साधारण १०० लिटर, तेही कपडे खळबळल्याचं शेवटचं पाणी असलं तरी चालेल. वाफ्यात घालायला पूर्ण कुजलेलं शेणखत दोन-तीन टोपल्या वेगळं आणून ठेवा, कारण त्या दिवशी सुरू केलेलं खत त्याच दिवशी वापरता येणार नाही. ही साधी गोष्ट विसरली जाते आणि ऐन वेळी उकिरड्यावरचं ओलं शेण वाफ्यात पडतं.

सावधान: गाजर गवत ढिगात घालायचं असेल तर फुलावर येण्याआधीचंच घ्या, आणि उपटताना हात झाका, अंगाला खाज येते, काहींना फोड येतात. फुलावर आलेलं गवत आणलं तर खतासोबत त्याचं बी सगळ्या अंगणात पसरतं.

सावधान: कपाशीच्या फवारणीचे किंवा तणनाशकाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी पाणी साठवायला, रोपं लावायला किंवा बादली म्हणून वापरू देऊ नका. कार्यशाळेत कुणी असा डबा घेऊन आलं, तर चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन समजावा आणि दुसरी बादली द्या.

## टप्पा ४: बोलावणं

व्हॉट्सअॅपवरच्या निरोपावर माणसं जमत नाहीत. दोन दिवस आधी घरोघरी जा. जाताना प्रत्येकीला आणायला सांगा: घरातला ओला कचरा एका डब्यात, मूठभर अंगणातली माती, एक जुनी बादली किंवा रंगाचा रिकामा डबा, आणि स्वतःचा डबा-भाकरी. हातात काही घेऊन आलेली बाई नुसती ऐकायला बसत नाही. पिण्याच्या पाण्याची सोय मात्र आपण करायची, माणशी निदान २ लिटर.

दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक ठेवू नका. त्यात पाऊण तास जातो आणि तोच पाऊण तास शेवटी वाफ्यातून कापला जातो.

## टप्पा ५: खत (सकाळी ११ ते दुपारी १)

गावातलं घर आणि शहरातलं घर यांची गरज इथं वेगळी असते. गावात उरलेलं अन्न म्हशीच्या घमेल्यात जातं, त्यामुळे ओला कचरा थोडा आणि शेण जास्त. तिथं शिकवायचा तो उकिरडा सुधारायला. शहरात शेण नाही, जागा नाही; तिथं बादली. मिश्र वस्ती असेल तर दोन्ही करा, पण ढीग आधी.

ढिगाची जागा सावलीत आणि थोडी उंचावर. पावसाळ्यात खड्ड्यात केलेला ढीग पाण्यानं भरतो आणि सडतो.

पहिला थर तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाड तुकड्यांचा, चार बोटं. यातून खालून हवा जाते. त्यावर वीतभर सुका माल, त्यावर चार बोटं ओलं हिरवं, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) शिंपडायचा, आणि मूठभर जुनं खत किंवा झाडाखालची माती. पुन्हा सुकं, ओलं, शेणकाला. घमेल्यानं मोजलं तर दोन सुकी आणि एक ओलं हे माप धरा. प्रत्येक थराला पाणी शिंपडा. सगळं झाल्यावर वरून एकदम ओतलं तर ते कडेनं वाहून जातं आणि मधला भाग कोरडाच राहतो. ढीग तीन फुटांपर्यंत चढवा. त्याहून बुटका ढीग नीट तापत नाही. वर बारदान किंवा पाचटाचं झाकण, पावसाळ्यात त्यावर प्लास्टिकचा कागद, पण कडा मोकळ्या.

तपासा: ढिगाच्या मधला मूठभर माल घेऊन घट्ट पिळा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर. धार लागली तर सुका माल घाला. काहीच आलं नाही आणि मूठ उघडताच माल सुटून पडला तर पाणी कमी आहे. ही परीक्षा प्रत्येक बाईच्या हातून करून घ्या. बघून कळत नाही, पिळूनच कळतं.

बादलीसाठी: २० लिटरच्या डब्याला तळाला आणि कडेला तापलेल्या सळईनं करंगळी जाईल एवढी छिद्रं पाडा. डबा दोन विटांवर ठेवा, खाली जुनी परात. तळाला नारळाच्या शेंड्या किंवा काड्या चार बोटं. मग रोजचा चिरलेला ओला कचरा आणि त्यावर दुप्पट सुका पाला. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक किंवा शेणकाला. झाकण सैल. दर चार दिवसांनी काडीनं हलवा.

बादलीत काय घालू नये हे सांगताना लांबलचक यादी देऊ नका. तेलकट भाजी, लोणचं, मटणाची हाडं आणि डायपर एवढं सांगितलं की भागतं. लिंबाच्या सालींवरून आणि कांद्याच्या टरफलांवरून वाद घालण्यात लोक अर्धा तास घालवतात. थोड्या प्रमाणात दोन्ही कुजतात.

गांडूळखताची मागणी हमखास येते. त्याला हरकत नाही, पण पहिल्या कार्यशाळेत ते घेऊ नका. गांडुळांना गारवा लागतो. साधारण २० ते ३० अंशांत ती चांगली राहतात. ताज्या शेणात उष्णता असते, त्यात सोडली की मरतात, आणि आपल्या वैशाखात उघड्या पत्र्याखाली सोडलेली तर हमखास मरतात. आधी साधा ढीग जमू द्या. ज्यांना जमला त्यांना पावसाळ्यात दोन आठवडे जुनं शेण आणि दाट सावली घेऊन गांडुळांकडे वळवा.

## टप्पा ६: सांडपाणी (दुपारी जेवणानंतर, तासभर)

जेवणानंतर ताटं तिथंच घासायला घ्या. राख किंवा साधा साबण, आणि पाणी तीन बादल्यांत वेगळं धरा: पहिलं घासल्याचं, दुसरं विसळल्याचं, तिसरं शेवटचं. तिन्ही समोर ठेवली की फरक सांगावा लागत नाही. दुसरं आणि तिसरं झाडांना जातं. पहिलं, तेलकट आणि साबणाचं, शोषखड्ड्याला, म्हणजे पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्याला.

इथं एक गोष्ट ठासून सांगा. कपड्याच्या पावडरीचं पाणी सतत काळ्या मातीत जिरवलं तर त्यातल्या सोडियममुळे माती घट्ट होते, पाणी आत घेत नाही आणि वर पांढरट पापुद्रा दिसतो. शहरातल्या आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणीही क्षारांचं असतं. ते फरशी पुसायला आणि भांडी भिजवायला वापरा, कुंड्यांना नको.

शोषखड्डा चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल घेतात. तळाला मोठे दगड, मध्ये भोकं पाडलेला सिमेंटचा माठ किंवा पाइप, भोवती लहान दगड आणि खडी. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं अशा खड्ड्यांवर गटारं बंद करून डास हटवले, त्यामुळे लोकांना हा प्रकार ऐकून माहीत असतो. अडचण वेगळी आहे. खाली मुरूम लागला तर खड्डा वर्षानुवर्षं चालतो. काळी चिकण मातीच खोलवर असेल तर तो महिन्याभरात तुंबतो.

तपासा: खड्डा खणून झाल्यावर, दगड भरण्याआधी, त्यात फूटभर पाणी ओता आणि काठीवर खूण करा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी जिरलं असेल तर पुढं जा. निम्मं तसंच असेल तर शोषखड्डा सोडून द्या आणि पाणी नाळीनं केळी, अळू, कर्दळी, पपईच्या आळ्यांत फिरवा. कार्यशाळेच्या दिवशी या परीक्षेचा निकाल दाखवता यावा म्हणून खड्डा आदल्या दिवशीच खणून त्यात पाणी ओतून ठेवा.

खड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान ५० फूट आणि भिंतीपासून १० फूट लांब. काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. भिंतीला खेटून खणलेल्या खड्ड्यानं पाया हलतो. अंगण लहान असलं की लोक नेमकं इथं तडजोड करतात. अंतर मिळत नसेल तर खड्डा करूच नका.

सांडपाणी साठवून ठेवायचं नाही, त्याच दिवशी वापरायचं. पानांवर शिंपडायचं नाही, बुडाशी सोडायचं. कच्च्या खायच्या कोथिंबीर, मुळा, गाजर यांना ते अजिबात नको. संडासाचं पाणी या कशातच येत नाही.

जून-जुलैची कार्यशाळा असेल तर पन्हाळीचा हिशोबही इथंच मांडा, पण दोन ओळींत. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५०० चौरस फुटांच्या पत्र्यावर १० मिलिमीटरची एक सर झाली तर ४०० लिटरच्या आसपास पाणी हाती लागतं. पहिल्या सरीनं छप्पर धुऊ द्यायचं, मग टाकी लावायची. टाकीवर घट्ट बसणारं झाकण किंवा फडकं हवंच. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून उघडी भांडी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करायला सांगा. बोअरमध्ये छपराचं पाणी गाळल्याशिवाय थेट सोडू नका.

## टप्पा ७: वाफा आणि पेरणी (दुपारी ३ नंतर)

ऊन उतरल्यावरच वाफ्याला हात घाला. भर उन्हात लावलेलं रोप संध्याकाळपर्यंत मान टाकतं.

वाफा तीन फूट रुंद, लांबी जागेप्रमाणे. यापेक्षा रुंद केला तर मधलं तण काढायला वाफ्यात पाय द्यावा लागतो आणि ओली काळी माती एकदा तुडवली की विटेसारखी होते. पावसाळ्यात गादीवाफा, वीतभर उंच. हिवाळ्यात जमिनीला समतल. मागे पुढे न बघता बारा महिने सपाट किंवा खोलगट वाफे करतात आणि जुलैच्या झडीत मुळं कुजतात.

माती वाफशावर आहे का ते हातात लाडू वळून बघा. लाडू वळला आणि बोटानं दाबल्यावर फुटला तर खणा. चिकटून राहिला तर दोन दिवस थांबा. एक फूट खोल खणून ढेकळं फोडा, १० फूट वाफ्याला दोन टोपल्या कुजलेलं शेणखत मिसळा, आणि माती फार चिकण असेल तर टोपलीभर जाड वाळू किंवा मुरमाड माती.

माठ मधोमध गळ्यापर्यंत पुरा. त्याच्या बाजूनं माती घट्ट दाबा, कारण माती आणि माठ चिकटलेले नसतील तर पाणी पुढं सरकत नाही. रोपं माठापासून एक ते दीड फुटाच्या आत. तोंडावर थाळी.

पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, कुंपणाला दोडका आणि कारलं. ऑक्टोबरपासून मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, मुळा, गाजर. धणे पेरण्याआधी रगडून दोन फोडी करा. दोडक्याचं बी रात्रभर भिजवलेलं आणा. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, त्याहून नाही. बोटाच्या दोन पेरांएवढ्या खोल गेलेली मेथी वर येतच नाही, आणि उगवण कमी झाल्याच्या बहुतेक तक्रारी इथंच सुरू होतात.

बारीक बियाणं पेरल्यावर भुसकटाचं पातळ झाकण, रोपं बोटभर झाली की दोन-तीन बोटं जाड आच्छादन. खोडापासून चार बोटं मोकळी ठेवा. तुराट्यांचं आच्छादन वापरलंत तर खाली वाळवी येते का ते आठवड्यातून एकदा उचलून बघा.

कुंपण आजच. उद्यावर टाकलं की शेळी किंवा कोंबडी वाफा संपवते. बोरी-बाभळीच्या फांद्या किंवा जुनी साडी, जे असेल ते.

कीड पडल्यावर काय, हा प्रश्न येईलच. निंबोळीचा अर्क सांगा: ५० ग्रॅम निंबोळीचं कूट लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात किंचित साबण, संध्याकाळी फवारणी. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाशी गावभर पडलेल्या असतात. तेव्हाच गोळा करून, साल काढून, सावलीत वाळवायला सांगा.

आता बियाणं वाटा. वाफा भरून झाल्यावर, हात मातीचे असताना. प्रत्येकीला तीनच प्रकार, पुडीवर नाव आणि पेरायचा महिना लिहून.

## टप्पा ८: ज्यांना परस नाही

प्रत्येक कार्यशाळेत पाच-सहाजणी अशा असतात, ज्यांच्या दारासमोर लगेच रस्ता आहे. त्यांना "तुम्ही बघा फक्त" असं म्हणू नका. एक हिस्सा काळी माती, एक हिस्सा कुजलेलं खत, एक हिस्सा जाड वाळू, हे मिश्रण पोत्यात भरून द्या. नुसती काळी माती पोत्यात सुकली की दगड होते आणि कडेनं फटी पडून पाणी निसटतं. पोत्याला खाली आणि बाजूला छिद्रं, मध्ये पाणी खालपर्यंत उतरायला खडीचा उभा दांडा. पोत्यात वांगी, मिरची, पालक, पुदिना येतो. ऊन चार तासच असेल तर फळभाजी नको, पालेभाजीच.

एका भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मावशी मला म्हणाल्या होत्या, "आमचं घर बदललं की बाग बी मागं राहती." पोतं उचलून नेता येतं, हे त्यांच्यामुळेच मी आता आधी सांगतो.

## टप्पा ९: परत जाणं

कार्यशाळेच्या दिवशीच पुढच्या तीन भेटींच्या तारखा ठरवून प्रत्येकीच्या पुडीवर लिहा.

चौथा दिवस. ढिगात लोखंडी सळई खोचून दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसण्याइतकी गरम असेल तर ढीग चालू आहे. थंड असेल तर शेण कमी पडलंय किंवा ओल. मूठ पिळून ठरवा. बाकीच्यांना त्या अंगणात बोलावून सळई हातात द्या, त्या गरम सळईनं जे पटतं ते बोलून पटत नाही.

पंधरावा दिवस. ही भेट घरोघरी. बादल्या बघा. सडका वास म्हणजे ओल जास्त, सुका पाला घालून हलवा. मुंग्या म्हणजे कोरडं, पाणी शिंपडा. जाड करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या कचरा खातात, वरून सुका पाला टाकला की पुरतं. ढीग उलटा करून बाहेरचा माल आत घ्या, आणि पुढं दर आठवड्याला तसंच. वाफ्यात उगवण विरळ असेल तर त्याच दिवशी रिकाम्या जागी पुन्हा पेरा. थोडं बियाणं त्यासाठी राखून ठेवलेलं असावं. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्याकडेही जा. कारण विचारा आणि वहीत लिहा. माझ्या वहीत सगळ्यांत जास्त वेळा आलेलं कारण "सुका पाला मिळत नाही" हे आहे. म्हणून आता पोतंभर पाला गल्लीत एका ठरलेल्या जागी ठेवायची व्यवस्था कार्यशाळेतच लावतो.

पंचेचाळिसावा ते साठावा दिवस. पुन्हा त्याच अंगणात जमा. ढीग उघडून खडी चाळायच्या चाळणीतून चाळा. तयार खत काळपट, भुरभुरीत असतं आणि त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. पाला अजून ओळखू येत असेल तर पंधरा दिवस आणखी झाकून ठेवा. चाळणीवर उरलेला जाड भाग नव्या ढिगाच्या तळाला जातो, म्हणून तो फेकू देऊ नका. खत घरमालकिणीला निम्मं आणि बाकीच्यांना टोपली-टोपली, आणि दुसरा ढीग तिथल्या तिथं, यावेळी तुम्ही बाजूला बसून, मदतनिसांनाही हात न लावू देता, त्या बायांच्याच हातून लावून घ्या.